पाठीवर प्रयोगशाळा वाहणारा संशोधक

हृदयाच्या ठोक्यांत काही अनियमितपणा असावा अशी शंका आली, की डॉक्टर रुग्णाला एक दिवस ‘होल्टर’ लावावयास सांगतात. छातीवर चिकटविलेल्या तारा आणि कमरेला अडकविलेली लहानशी पेटी घेऊन रुग्ण घरी जातो, जिना चढतो, कचेरीत बसतो, रात्री झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ती पेटी परत करतो. होल्टर हे यंत्राचेच नाव, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक ते एका माणसाचे आडनाव आहे. नाव जगभर रूढ व्हावे आणि माणूस मात्र विस्मरणात जावा, असा हा प्रकार आहे.

नॉर्मन जेफरिस होल्टर यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१४ रोजी अमेरिकेतील माँटाना राज्याची राजधानी असलेल्या हेलेना येथे झाला. राजधानी म्हणावयाची एवढेच. एरवी सोन्याच्या शोधातून वसलेले ते डोंगराळ मुलखातील लहानसे शहर. त्यांचे आजोबा अँटन होल्टर हे नॉर्वेहून आलेले. लाकूड आणि लोखंडी सामान यांच्या व्यापारात त्यांनी घराण्याचा जम बसविला होता. नातवाने मात्र लॉस एंजेलिस येथे रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र अशा दोन्ही विषयांत पदव्युत्तर पदव्या मिळविल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी त्यांनी सागरी लाटांचा अभ्यास केला आणि १९४६ मध्ये बिकिनी बेटांजवळ झालेल्या अणुस्फोट-चाचण्यांच्या वेळी लाटांची मोजमापे घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पथकाचे नेतृत्व केले. अशा माणसाने एखाद्या मोठ्या विद्यापीठाची वाट धरावयाची. होल्टर गावी परतले आणि १९४७ मध्ये त्यांनी तेथेच स्वतःचे संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. पुढे त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली ती रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत!

त्यांच्यापुढील प्रश्न समजून घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचे मोल कळावयाचे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढला, तेव्हा त्यांच्या यंत्राने खोली व्यापली होती आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. यंत्रे पुढे सुटसुटीत झाली. पण रुग्णाने निश्चल राहावयाचे, हा नियम कायम राहिला. आता हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते, तर नेहमीच्या आलेखात त्यांतील दहा-बारा ठोके उमटतात. एका सकाळचा बाजारभाव पाहून वर्षाच्या महागाईचे अनुमान काढावे, तसाच हा प्रकार. शिवाय मंडईतला भाव जसा सणासुदीला चढतो, तसा हृदयाचा दोषही श्रम, चिंता, राग किंवा झोप अशा एखाद्या वेळीच प्रकट होतो. दवाखान्यातील खाटेवर तो दडून बसतो, आलेख निर्दोष येतो आणि घेरी येऊन पडणाऱ्या माणसाला आपला आजार खरा असल्याचे पटवून देता येत नाही.

होल्टर यांची सुरुवात हृदयापासून झाली नव्हती. मानसशास्त्रज्ञ जोसेफ जेंजरेली यांच्यासमवेत ते मज्जातंतू व मेंदू यांतील विद्युत संदेशांचा वेध घेत होते. शरीराला यंत्राशी जखडून न ठेवता हे संदेश रेडिओद्वारे टिपता यावेत, ही त्यांची खटपट होती. हृदयाचे संदेश मेंदूच्या संदेशांहून पुष्कळ प्रबळ, म्हणून ते तिकडे वळले. पहिले उपकरण सुमारे ३८ किलो वजनाचे होते. ते स्वतःच्या पाठीवर बांधून होल्टर जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर पायडल मारीत बसत. ते चित्र हास्यास्पद वाटेल खरे. पण श्रम करणाऱ्या माणसाचे हृदय श्रम चालू असतानाच पाहावयाचे, हा क्रांतिकारक विचार त्यातच होता.

पुढची वर्षे हे ओझे उतरविण्यात गेली. ट्रान्झिस्टर आल्यावर उपकरण आटोपशीर झाले. रेडिओऐवजी चुंबकीय फितीवर तासन्‌तास नोंद होऊ लागली. तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. दिवसभराची नोंद वाचावयास दिवसभर बसणार कोण? होल्टर व त्यांचे सहकारी अभियंता विल्फर्ड ग्लासकॉक यांनी त्यावरही तोड काढली. फीत अनेक पट वेगाने फिरवावयाची, पडद्यावर एका ठोक्याच्या चित्रावर दुसऱ्याचे चित्र पाडावयाचे आणि त्याच वेळी ध्वनीही ऐकावयाचा. चित्र विस्कटले वा स्वर बदलला, की दोष सापडला! १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही पद्धत त्यांनी जगापुढे ठेवली. त्यानंतर ब्रूस डेल मार यांच्या कंपनीने ते यंत्र बाजारात आणले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या चरित्रातील लक्षणीय भाग असा, की १९४७ पासून सुमारे पंधरा वर्षे या संशोधनाला बाजारात कवडीचीही किंमत नव्हती. ज्या वस्तूची कल्पनाच कोणी केलेली नाही, तिला मागणी कोठून येणार? आरंभीचा भार घरच्या पैशाने उचलला, मग सरकारी आरोग्यसंस्थेचे अनुदान मिळाले आणि उद्योजक आला तो सर्वांत शेवटी. उपयोग आधी ठरवून न केलेल्या संशोधनाची बाजू होल्टर आग्रहाने मांडीत. मेंदूच्या शोधात निघालेला माणूस हृदयाशी येऊन पोहोचला, हाच त्यांच्या बाजूचा पुरावा. अर्थात प्रत्येक जिज्ञासू माणसाच्या पाठीशी आजोबांची दुकानदारी नसते. म्हणूनच ती जागा सार्वजनिक निधीने भरून काढणे अगत्याचे ठरते. अनुदानाच्या अर्जातच फलिताचा हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेत होल्टर यांचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडकला असता.

२१ जुलै १९८३ रोजी होल्टर निवर्तले. आज छातीवर चिकटविलेली लहानशी पट्टी अनेक दिवसांची नोंद घेते आणि मनगटावरचे घड्याळही अनियमित ठोक्यांची सूचना देते. ती हातात बांधणाऱ्याला वजन असे जाणवतच नाही. ते सारे वजन एका माणसाने आधीच पाठीवर वाहून टाकले आहे.