चमत्कार नसलेला संत

१९७८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. कारंज्याला तंबूतल्या टॉकीजमध्ये ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट लागला होता. त्या वेळी कारंजा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा व्हायला अजून वीस वर्षांचा अवकाश होता. मी नुकती मॅट्रिकची परीक्षा दिलेली. आजीने जन्मात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, पण गाडगेबाबांचा सिनेमा आहे म्हटल्यावर ती बैलगाडीतून यायला तयार झाली. तंबूच्या दाराशी तिने वहाणा काढल्या. पडद्यावर चिंध्यांची गोधडी पांघरलेला, हातात खराटा घेतलेला माणूस दिसला, तशी तिने बसल्या जागेवरून जमिनीला डोके टेकले.

ज्यांच्यासमोर आजीने डोके टेकले ते डॉ. श्रीराम लागू. चित्रपट १९७७ चा, दिग्दर्शक राजदत्त. लागू पक्के निरीश्वरवादी आहेत, देवाला आता निवृत्त करावे असे ते जाहीरपणे म्हणतात, हे मी पुढे काही वर्षांनी वाचले आणि मला मोठा पेच पडला. देव न मानणाऱ्या नटाने संत उभा केला आणि माझी भाबडी आजी त्याच्या पाया पडली. यात फसले कोण? बाबांचे चरित्र समजून घेतले तसा हा पेच सुटत गेला. म्हणून आधी थोडे त्या चरित्राकडे वळतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई पोराला घेऊन भावाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. कारंज्याहून हा मुलूख काही फार लांब नाही. डेबूने मामाकडे गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजने म्हटली. शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. मामा चंद्रभान सावकाराच्या कागदात अडकले. निरक्षर माणसाचा अंगठा आणि सावकाराचे आकडे, एवढ्यावर जमीन गेली आणि मामाही खचून गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा हा तरुण भाचा त्याला आडवा गेला होता. पुढे आयुष्यभर बाबा कर्जाविरुद्ध आणि निरक्षरतेविरुद्ध बोलले, त्याचे मूळ मला त्या शेतात दिसते. कोणत्याही देवळात ते सापडत नाही.

लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला बिरादरीला दारू-मटणाचे जेवण घालायचा रिवाज होता. डेबूजीने साधे गोड जेवण घातले आणि नातेवाइकांची नाराजी पत्करली. १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात काचेच्या बांगडीचा तुकडा आणि एक मातीचे गाडगे. त्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी या गाडग्यावरूनच त्यांना नाव दिले.

त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गावात यायचे आणि कोणाला न विचारता रस्ते झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडायचे, संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात पोथी नव्हती, होते ते प्रश्न. ज्याला आपण आंघोळ घालतो, धोतर नेसवतो, ज्याच्या नैवेद्याला कुत्र्यापासून आपणच राखतो, तो आपले रक्षण कसे करील, असे ते भर सभेत वऱ्हाडीतून विचारत. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नौका वर येते, तर युद्धात बुडालेली जहाजे पूजा घालून वर काढता येतील का, असाही त्यांचा सवाल असे. नवसाची बोकडे, भूतबाधा, शिवाशिव, दारू, हुंडा यांतले काही सुटत नसे. माणसे हसत हसत स्वतःचीच चूक कबूल करीत. आणि शेवटी हाच माणूस हजारोंच्या तोंडून देवकीनंदनाचा गजर करवून घेई!

मग बाबा आस्तिक की नास्तिक? पंढरीच्या वारीला ते वर्षानुवर्षे जात, पण लोक विठ्ठलाच्या दर्शनाला रांगा लावत तेव्हा हे बाहेर रस्ते झाडत. त्यांनी गुरू केला नाही, शिष्य केले नाहीत, कोणाला पाया पडू दिले नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण काढले. पंढरपूरला ज्यांना कोणी उतरू देत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मात्र यातल्या एकाही संस्थेवर आपल्या घरच्यांचा हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. बँकेत उभी हयात घातलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट कोणत्याही चमत्काराहून मोठी वाटते. विश्वस्त मंडळांची खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. देवाच्या नावाने उघडलेल्या खात्यावर तीन पिढ्या एकाच आडनावाच्या सह्या असाव्यात, हे काही नवल राहिलेले नाही.

आता असा संत सिनेमावाल्यांच्या हाती देऊन बघा. आपल्या संतपटांची घडण ठरलेली आहे. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. फार सुंदर चित्रपट, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा चेहराच घरोघरच्या तसबिरींत तुकोबांचा चेहरा होऊन बसला. त्यात सालोमालो नावाचा ढोंगी आहे, म्हणजे धर्माच्या मक्तेदारीवर टीका आहे. पण शेवटी वह्या नदीतून वर येतात, विमान आकाशात जाते आणि प्रेक्षकाची शंका चमत्काराने मिटवली जाते. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये जात, पडद्यावर नाणी उधळत. घरोघरी शुक्रवारचे उपास सुरू झाले. त्याच वर्षीच्या ‘दीवार’मधला नायक देवळाची पायरी चढायचे नाकारतो, पण आई आजारी पडल्यावर त्यालाही देवापुढे उभे राहावे लागते आणि त्याचा शेवटही देवळातच होतो. नास्तिकाला मध्यंतरापर्यंत रुबाब द्यायचा आणि शेवटच्या रिळात घंटा वाजवायला लावायची, ही हिंदी सिनेमाची जुनी खोड आहे.

गाडगेबाबांच्या चरित्रात ना विमान, ना नदीतून वर येणाऱ्या वह्या. १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना तरुण मुलगा गोविंदा गेल्याची बातमी त्यांना मिळाली. तो परत उठला नाही. बाबा कीर्तन करीत राहिले, एवढेच घडले. अशा माणसासाठी नट हवा तो माणसाचेच दुःख आणि माणसाचाच राग समजणारा. लागूंनी तो उभा केला. देवाची ओढ त्यांना दाखवायची नव्हतीच. दाखवायची होती ती माणसाविषयीची कळकळ आणि ती त्यांच्यापाशी होती.

पुढे २०११ साली उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ आला. एका भोळ्या गुराख्याला दत्त दिसतात आणि बघता बघता गावाचा बाजार होतो; त्या गदारोळात गावाला खरोखर हवी असलेली गोष्ट मागे पडते. आमचे कारंजे दत्तसंप्रदायाचे मोठे ठिकाण, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. हा चित्रपट मी आमच्या भाविक मंडळींसोबत पाहिला. कोणाची श्रद्धा दुखावली नाही. बाजार कोणता आणि भक्ती कोणती, हे आपल्या माणसाला बरोबर कळते. कळते, पण वळत नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी म्हणत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना बैलजोडीसाठी दिलेले कर्ज थकले, म्हणून वसुलीला एका घरी गेलो होतो. गोठा रिकामा. पैसे बापाच्या तेरवीला गेले होते. भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो होता, त्याला ताजा हार. मी मनात त्या माणसाला नावे ठेवली आणि कायद्याप्रमाणे नोटीस लिहिली. चार वर्षांनी माझे वडील गेले. भाऊबंद जमले, लोक काय म्हणतील हा प्रश्न निघाला आणि मी, बँकेचा अधिकारी, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन साडेतीनशे पाने उठवली. आमच्याही भिंतीवर तोच फोटो होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. जी शाळा त्यांना मिळाली नाही, ती त्यांच्या नावाने उभी राहिली. जेवायचे ताट मोडा पण पोराला शिकवा, हे सांगणे निदान तेवढे तरी फळाला आले.

आणि आजीचे काय? लागू देव मानत नाहीत, हे मी तिला एकदा मुद्दाम सांगितले. तिला धक्का बसेल असे वाटले होते. नवी नवरी असताना ती शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला जाऊन बाबांना पाहून आली होती. पाया पडायला वाकली तर बाबा काठी उगारून मागे सरले होते. माझे बोलणे तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली की, त्या माणसाचा देव कोणता हे तिने पाहिलेच नव्हते. तिने पाहिला तो त्याचा खराटा धरलेला हात, आणि तो अगदी बरोबर धरला होता. एवढे सांगून ती अंगण झाडायला उठली.