वर्षाला वीस रुपये : दादाभाई नौरोजींनी मांडलेला गरिबीचा हिशेब

हिंदुस्थानातला माणूस वर्षाला कमावतो किती, हा प्रश्न आज साधा वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी त्याचं उत्तर सरकारलाही देता येत नव्हतं. ते शोधायला बसले गणिताचे एक माजी प्राध्यापक, दादाभाई नौरोजी.

४ सप्टेंबर १८२५चा त्यांचा जन्म. घराणं नवसारीकडच्या पारशी पुरोहितांचं. चार वर्षांचे असताना वडील गेले, आई माणेकबाईंनी वाढवलं. फी लागत नव्हती म्हणूनच मुंबईत शिकता आलं, आणि हे लोकांच्या पैशाचं ऋण आहे असं ते पुढे मानत आले. एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५५ मध्ये कामा कंपनीच्या भागीदारीत लंडनला गेले, पण अफू-दारूच्या नफ्यावरून मतभेद झाले आणि त्यांनी स्वतःची पेढी काढली.

बडोदेकरांना ते दिवाण म्हणून आठवावेत. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांनी त्यांना बोलावलं. न्यायासाठीसुद्धा नजराणा मोजावा लागे, असा तो कारभार. दादाभाईंनी मुंबईहून बाळ मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन अशी माणसं आणून खाती हाती घेतली. पण रेसिडेंट कर्नल फेअर विरोधात, दरबारातली जुनी मंडळीही नाखूश. जानेवारी १८७५ मध्ये ते बाहेर पडले. काही महिन्यांतच मल्हाररावांना पदच्युत करण्यात आलं आणि कवळाण्याचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला.

दादाभाईंचं खरं काम त्यानंतर, १८७६ मध्ये पुढे आलं. मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी सरकारी अहवालच उलटे तपासले. कारकुनांनी प्रत्येक जिल्ह्याचं एकरी पीक घेऊन सरळ बेरीज केली होती आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागलं होतं. कुठे लाखो एकर लागवड, कुठे थोडीशी. दोन्हींना सारखंच वजन! दादाभाईंनी क्षेत्रफळ धरून हिशेब नव्याने केला. १८६७-६८च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानचं सगळं उत्पन्न ३४ कोटी पौंड, लोक १७ कोटी. माणशी ४० शिलिंग, म्हणजे वर्षाला २० रुपये.

पुढची तुलना त्याहून बोचरी होती. तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्यावर सरकार जो खर्च दाखवत होतं, तो या सरासरीहून जास्त निघाला. आणि सरासरी म्हणजे तरी काय, त्यात सावकार आणि जमीनदारही आले. मजुराच्या वाट्याला वीसही येत नव्हते.

कारण काय? सरकार पाऊस आणि लोकसंख्येकडे बोट दाखवायचं. दादाभाई म्हणत होते की पैसा बाहेर जातोय: गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, कर्जाचं व्याज, परमुलखातल्या लढायांचा बोजा. त्या बदल्यात परत काही येत नाही. मग इथे भांडवल साठत नाही, आणि इथलाच पैसा विलायती भांडवल बनून पुन्हा नफा न्यायला येतो.

त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. बेळगाव, धारवाड, कलादगी, सोलापूर या जिल्ह्यांनी १८७६-७८चा दुष्काळ भोगला. देशातून धान्याची निर्यात मात्र चालूच राहिली. बाजारात धान्य असून विकत घ्यायला हातात पैसा नाही, ही अवस्था वीस रुपयांच्या आकड्याने आधीच सांगितली होती.

पुढे १८८२ मध्ये सरकारच्या बाजूने बेअरिंग आणि बार्बर यांनी २७ रुपयांचा आकडा काढला. सात रुपयांनी काय फरक पडणार होता?

अर्थात, हा विचार अगदी पहिला दादाभाईंचाच नव्हे. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रात टोपणनावाने हीच तक्रार मांडली होती. आणि दादाभाईंच्या मांडणीत एक बाजू लंगडीही राहिली. गावातला सावकार, कुलकर्णी, जातीची उतरंड यांवर त्यांचा भर नव्हता. ते दुखणं जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये उघडं केलं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या काळची गरिबी कळत नाही.

१८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते अगदी मोजक्या मतांनी पार्लमेंटात गेले, १८९५ मध्ये पडले. मग वेल्बी कमिशनवर बसून त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाचे कागद उपसले. १८९७ मध्ये याच कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. १९०१ मध्ये सगळे लेख, पत्रव्यवहार आणि आकडे एका जाडजूड ग्रंथात आले. राष्ट्रसभेचे ते तीनदा अध्यक्ष झाले; १९०६ मध्ये कलकत्त्याला, वयाच्या ऐंशीनंतर. ३० जून १९१७ रोजी मुंबईत वारले.

हा हिशेब इंग्रजी न कळणाऱ्यांपर्यंत नेणाऱ्यांत महाराष्ट्राबाहेरचा एक मराठी माणूसही होता. देवघरकडे वाढलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिलं. पुस्तक हातोहात खपलं, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.