दारात उभा असलेला माणूस

आजचं वाचन: मत्तय २५:३१-४६, इब्री १३:१-२



मत्तयचा हा उतारा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला घरात जागा. आज हा उतारा वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्या न्यायाच्या दिवशी उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघंही चकित होतात. प्रभू आपल्या दारी आला होता, हे दोघांनाही कळलेलं नव्हतं. फरक इतकाच की काहींनी दार उघडलं होतं.

हा उतारा ज्यांनी शब्दशः खरा मानला, त्यांतली एक बाई म्हणजे न्यूयॉर्कची डोरोथी डे. आज तिच्याविषयी.

डोरोथीचा जन्म ८ नोव्हेंबर १८९७ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. वडील क्रीडा पत्रकार. घरात देवाधर्माचं वातावरण जवळजवळ नाहीच. ती आठ वर्षांची असताना, १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप झाला. तिचं कुटुंब तेव्हा खाडीपलीकडे ओकलंडला राहत होतं. बेघर झालेले हजारो लोक बोटीतून ओकलंडला आले. शेजारपाजारच्या बायकांनी त्यांच्यासाठी चुली पेटवल्या, घरातले कपडे काढून दिले. ते दृश्य डोरोथीच्या मनात कायमचं बसलं आणि सोबत एक प्रश्नही: माणसं संकटात एकमेकांशी अशी वागू शकतात, तर एरवी का नाही?

कॉलेज दोन वर्षांत सोडून ती १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आली आणि समाजवादी पेपरांत लिहू लागली. १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करताना तिला अटक झाली. तुरुंगात उपोषण, एकांतवास, अंधारी कोठडी. तिथे तिने बायबल मागून घेतलं आणि स्तोत्रं वाचली. त्या शब्दांनी धीर आला, पण सुटल्यावर तिने ते मागे टाकलं. दुबळेपणात देवाकडे वळायचं, हे तिच्या अभिमानाला पटेना.

पुढची काही वर्षं विस्कटलेलीच होती. एका प्रेमप्रकरणात तिने गर्भपात केला. आपल्याला पुन्हा कधी मूल होणार नाही, असं तिने धरूनच चाललं होतं. नंतर स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर छोटंसं घर घेऊन ती फॉर्स्टर बॅटरहॅमसोबत राहू लागली. फॉर्स्टरचा ना लग्नावर विश्वास, ना देवावर. डोरोथीचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं. मार्च १९२६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टमार. त्या आनंदात आभार कुणाचे मानायचे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. दुःखात नाही, तर ऐन सुखात ती देवाकडे वळली. आधी टमारचा बाप्तिस्मा झाला आणि २८ डिसेंबर १९२७ रोजी तिचा स्वतःचा. त्याची किंमत म्हणजे फॉर्स्टर. आपण हे पाऊल टाकलं की हा माणूस सुटणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने ते टाकलं.

आता ती कॅथलिक होती, पण एकटी. जुने कॉम्रेड तिच्याकडे संशयाने बघत होते. नव्या ख्रिस्ती मंडळींना गरिबांच्या लढ्याचं फारसं काही वाटत नव्हतं. डिसेंबर १९३२ मध्ये महामंदीत होरपळलेल्या बेकारांचा मोर्चा वॉशिंग्टनला गेला. डोरोथी बातमीदार म्हणून सोबत होती. मोर्च्यात कम्युनिस्ट होते. आपले ख्रिस्ती कुठे आहेत, हे तिला टोचत राहिलं. ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, तिथल्या राष्ट्रीय मंदिरात गुडघे टेकून तिने रडत प्रार्थना केली. गरिबांसाठी आपल्याला काही करता यावं, त्याची वाट दिसावी, एवढंच तिचं मागणं होतं.

ती न्यूयॉर्कला परतली, तर तिच्या घरी एक अनोळखी माणूस वाट बघत बसलेला. पंचावन्न वर्षांचा, सूट चुरगळलेला, खिशात कागदांचे भेंडोळे, उच्चार फ्रेंच. झोपायला बावरी भागातल्या अगदी स्वस्त मुसाफिरखान्यात जायचा. नाव पीटर मॉरिन. आला तसा तो बोलायलाच लागला आणि थांबायचं नाव घेईना. कुणीही त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. डोरोथीही वैतागायची, पण तिने त्याला येऊ दिलं, त्याचं ऐकून घेतलं. तिच्या प्रार्थनेचं उत्तर त्या चुरगळलेल्या सुटात आलं होतं.

१ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हा पेपर पहिल्यांदा विकला गेला. २,५०० प्रती, किंमत एक सेंट. वर्ष संपेपर्यंत छपाई लाखावर गेली.

पेपरात मॉरिन आतिथ्याविषयी लिहायचा. प्रत्येक ख्रिस्ती घरात परक्यासाठी एक खोली असावी, असं त्याचं मत. लवकरच एक बेघर बाई विचारत आली की ही आतिथ्याची घरं नेमकी आहेत कुठे? घर एकही नव्हतं. होता तो फक्त लेख. मग दहा बायकांची सोय होईल अशी जागा भाड्याने घेतली गेली. पाठोपाठ पुरुषांसाठीही जागा झाली. पुढे मॉट स्ट्रीटवरच्या घरासमोर रोज सकाळी कॉफी आणि पावासाठी शेकडो माणसांची रांग लागू लागली.

इथे येणाऱ्या तरुण स्वयंसेवकांना पगार नव्हता. ती मुलंमुली त्याच घरात राहायची, तेच सूप प्यायची, दान आलेले कपडे घालायची. रांगेतल्या माणसाला पाहुणा म्हणायचं. त्याला का, कसं, कधीपासून असं काही विचारायचं नाही. जेवणाआधी प्रवचन ऐकण्याची सक्ती नाही. एकदा एका समाजसेविकेने विचारलं की इथे या लोकांना किती दिवस राहू देता? डोरोथीच्या उत्तराचा आशय असा होता की ते कायमचेच राहतात. आमच्यात जगतात, आमच्यात मरतात, आम्हीच त्यांना पुरतो, कारण ते घरचेच आहेत.

पण हे वाचून सगळं गोड होतं असं समजू नका. घरात उवा होत्या, ढेकूण होते. दारू पिऊन भांडणं व्हायची, दानाच्या वस्तू चोरीला जायच्या. उत्साहाने आलेले स्वयंसेवक थकून निघून जायचे. डोरोथी स्वतः चिडायची, तिला एकटं वाटायचं, टमारला आपण पुरेसा वेळ दिला नाही ही खंत होती. ती रोज मिस्साला जायची, स्तोत्रं म्हणायची आणि पुन्हा त्याच स्वयंपाकघरात उभी राहायची.

तिच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. एका सधन बाईने हिऱ्याची अंगठी दान दिली. त्याच दिवशी घरात नेहमी येणारी एक त्रासिक म्हातारी आली. डोरोथीने ती अंगठी तिला देऊन टाकली. सहकारी म्हणाले, विकून तिचं वर्षाचं घरभाडं भरता आलं असतं. डोरोथीचं म्हणणं असं की ते तिचं ती ठरवेल; विकेल, नाहीतर बोटात घालून मिरवेल. देवाने हिरे काय फक्त श्रीमंतांसाठी घडवलेत? मदत आणि मैत्री यांतला फरक इथे दिसतो. मदत करणारा हिशेब स्वतःकडे ठेवतो. मैत्रीत तो समोरच्याच्या हातात जातो.

१९५२ मध्ये रॉबर्ट कोल्स नावाचा वैद्यकीय विद्यार्थी, जो पुढे नामांकित मानसोपचारतज्ज्ञ झाला, तिला भेटायला आला. ती एका दारू प्यायलेल्या बाईशी बोलत बसली होती. बाईची बडबड संपेना, डोरोथीही उठेना. शेवटी तिने कोल्सकडे वळून विचारलं की तुला आमच्या दोघींपैकी कुणाशी बोलायचंय? ती तेव्हा देशभर ओळखली जात होती, पण तो आपल्याकडेच आला असणार, असं तिने गृहीत धरलं नाही.

१९५६ मध्ये आगीच्या नियमांवरून त्यांच्या घराला २५० डॉलर दंड झाला. कोर्टात जायला ती बाहेर पडली, तर दारातल्या गर्दीतून एका गबाळ्या माणसाने तिच्या हातात कागद सरकवला. रोजच्यांपैकीच कुणीतरी, असं समजून तिने तो घेतला आणि भुयारी रेल्वेत उघडला. तो चेक होता, बरोबर २५० डॉलरचा. देणारा होता प्रसिद्ध कवी डब्ल्यू. एच. ऑडेन. त्याला न ओळखल्याबद्दल तिने पुढे माफीही मागितली. पण गंमत बघा: फाटका समजूनही तिने त्याच्यासमोरून मान वळवली नव्हती, म्हणून तर कागद तिच्या हातात पडला.

युद्धाला तिचा कायम विरोध होता. दुसऱ्या महायुद्धात त्यापायी हजारो वाचक तुटले, अनेक घरं बंद पडली. गांधीजींच्या हत्येनंतर तिच्या पेपरने त्यांना श्रद्धांजली वाहिली. १९७० मध्ये ती कोलकात्याला येऊन मदर तेरेसांना भेटली. शेतमजुरांच्या लढ्यात १९७३ मध्ये, पंचाहत्तरीत, ती शेवटची तुरुंगात गेली. २९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कच्या मेरीहाउसमध्ये, बेघर बायकांसाठी उघडलेल्या त्या घरात, तिने प्राण सोडला. २००० मध्ये तिच्या संतपदाच्या प्रक्रियेला सुरुवात झाली. तिला स्वतःला मात्र कुणी संत म्हटलेलं खपत नसे. संत म्हणून फोटोत बसवलं की तिच्यासारखं जगायची जबाबदारी संपते, अशी तिची भीती.

म्हणून आज आपणही तिला फोटोत बसवू नये. आपल्या चर्चच्या फाटकाशी रविवारी कुणीतरी बसलेलं असतं. आपण नाणं टाकतो, पण नजर मोबाईलवर. नाणं टाकायला दोन सेकंद पुरतात. नाव विचारायला थांबावं लागतं. पुढच्या आठवड्यात ते नाव लक्षात ठेवून हाक मारायची, तर त्या माणसाला आपल्या आयुष्यात थोडी जागा द्यावी लागते. प्रभू जी जागा मागतो, ती हीच.

मननासाठी
• तुमच्या रोजच्या वाटेवर दिसणाऱ्या, पण नाव माहीत नसलेल्या एका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.
• या आठवड्यात त्याचं किंवा तिचं नाव विचारा. फोटो काढू नका, स्टेटसला टाकू नका.

प्रार्थना
प्रभू येशू, तू आमच्या दारात अशा रूपात येतोस की आम्ही तुला ओळखत नाही. ओळखता नाही आलं तरी चालेल. दार मात्र उघडता येऊ दे. द्यायला हात दे आणि दिल्यावर थांबायला वेळ दे. रस्त्यावर झोपणाऱ्या तुझ्या लेकरांना आजची रात्र सुखाची जावो, आणि उद्या त्यांना कुणीतरी नावाने हाक मारो. आमेन.