पाण्याखाली बघणारा वकील

समजा, तुमचा मावसभाऊ नोकरीसाठी न्यूझीलंडला आहे आणि त्यानं सुट्टीत तुम्हाला तिकडं बोलावून घेतलं. एका सकाळी तो तुम्हाला नदीवर नेतो. सोबत दिवसाच्या भाड्यानं ठरवलेला गाइड. छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ विजार, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल, हातात नऊ फुटी रॉड, असा तुमचा अवतार. आता गाइड खिशातून एक डबी काढतो. त्यात ना गांडूळ, ना कणकेची गोळी. आत ओळीनं लावलेले बारीक गळ, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही लहान. प्रत्येकावर पक्ष्याच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची तार गुंडाळलेली. याला तो निम्फ म्हणतो. एक निवडून तो तुमच्या दोरीला बांधतो आणि सांगतो, त्या दगडामागं टाक, पण पाण्याच्या वर नको, खाली जाऊ दे.

हे ‘खाली जाऊ दे’ म्हणणं आज किती सोपं वाटतं. पण ज्या माणसानं ते इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ठासून मांडलं, त्याला त्यासाठी तीसेक वर्षं भांडावं लागलं आणि ऐंशीच्या घरात स्वतःची लाडकी नदी सोडावी लागली. त्याचं नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेंझी स्क्यूज. पेशानं वकील, लंडनमध्ये ऑफिस, लग्न केलं नाही.

आधी थोडं निम्फबद्दल, नाहीतर हे भांडण कशाचं हेच कळायचं नाही. वाहत्या स्वच्छ पाण्यात मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दगडाखाली राहतात. तीच निम्फ. काही जातींत काही महिने, काहींत वर्ष-दोन वर्षंही त्यांचं आयुष्य पाण्यातच जातं. मग एक दिवस निम्फ वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर कात फाडतो आणि पंखवाली माशी होऊन उडतो. तिला काही खाताही येत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. बहुतेक जातींत हा सगळा खेळ एक-दोन दिवसांचा. आता तुम्ही ट्राउट मासा असाल तर पोट कशानं भराल? महिनोन् महिने पाण्याखाली मिळणाऱ्या पिल्लांनी, की क्षणभर वर तरंगणाऱ्या माशीनं? मेफ्लाय फक्त परदेशातच असते असं समजू नका. भोगावती किंवा कासारीच्या वरच्या अंगाला, घाटाजवळच्या थंड ओढ्यात दगड उलटा करून बघा. शेपटीला दोन-तीन केस आणि पोटाच्या बाजूला कल्ले असलेलं काहीतरी सुळकन पळालं, तर तो निम्फच. पाणी घाण झालं, त्यातला ऑक्सिजन घटला, की हे गडी सगळ्यात आधी गायब होतात. पंचगंगेत खाली खाली येताना कुठल्या दगडाखाली ते मिळायचे थांबतात, हा झूलॉजीवाल्यांसाठी एक भारी प्रोजेक्ट आहे. ट्राउट मात्र आपल्याकडं नाही. त्याला थंड पाणी लागतं. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी आहे, आणि तिथंही इंग्रजांनीच आणून सोडलेला.

तर स्क्यूज. जन्म 1858चा, आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स गावात. वडील लष्करात डॉक्टर. शिक्षण इंग्लंडच्या विंचेस्टर कॉलेजात. नाव कॉलेज असलं तरी ती शाळाच. विंचेस्टर गावातून इचेन नदी वाहते. ही साधी नदी नाही. खडूच्या डोंगरातून झिरपून आलेलं पाणी, उन्हाळा-हिवाळा जवळजवळ सारख्याच तापमानाचं आणि इतकं नितळ की तळाचं गवत हलताना दिसतं. अशा नद्यांचे काठ इंग्लंडमध्ये खासगी मालकीचे असतात. कुणीही उठावं आणि गळ टाकावा असं चालत नाही. शाळा संपल्यावर स्क्यूज लंडनला वकिली शिकायला गेला. 1883 साली त्याला विंचेस्टरच्या जरा वर, ॲबट्स बार्टन नावाच्या ठिकाणी इचेनवर मासे धरायची परवानगी मिळाली. आठवडाभर ऑफिसात कागद, सुट्टी मिळाली की रेल्वेनं नदी. हा नेम त्यानं पन्नासहून जास्त वर्षं चालवला.

त्या काळात या नद्यांवर एका माणसाचा शब्द चालायचा. फ्रेडरिक हॅल्फर्ड. पैसेवाला गडी, धंद्यातून लवकर मोकळा झालेला. त्यानं 1886 आणि 1889 साली दोन जाडजूड पुस्तकं काढली आणि ड्राय फ्लायचं शास्त्र बसवलं. माशीची हुबेहूब नक्कल करायची, ती पाण्यावर तरंगली पाहिजे, आणि ट्राउट वर येऊन माशी खाताना दिसला तरच त्याच्यापुढं, प्रवाहाच्या उलट दिशेनं टाकायची. मासा दिसत नसेल तर गप्प बसायचं. पद्धत खरंच सुंदर होती, हॅल्फर्डचा अभ्यासही दांडगा होता. घोळ त्याच्या शिष्यांनी घातला. त्यांनी पद्धतीचा धर्म केला. बुडणारी माशी वापरणारा माणूस म्हणजे जवळजवळ चोर, असं वातावरण तयार झालं. तालमीत एखाद्या वस्तादाचा डाव पुढं पुढं नियमच होऊन बसतो, तसं काहीसं.

सुरुवातीला स्क्यूजही त्याच वाटेनं जात होता. मग 1890च्या दशकात कधीतरी त्याची एक तरंगणारी माशी नीट तरंगलीच नाही. भिजली आणि बुडाली. आणि ट्राउटनं ती पाण्याखालीच पकडली. दुसरा कुणी असता तर नशीब म्हणून सोडून देता. वकिलाच्या डोक्यात मात्र प्रश्न बसला: पाण्यावर हालचाल दिसते, मासा वर आल्यासारखा वाटतो, पण तो वरचं खातोय कशावरून?

साक्ष काढायला त्यानं जे हत्यार वापरलं ते कोल्हापूरकराला लगेच पटेल. मटणाच्या नळीतला मगज काढायला आपण काय काय करतो, ठोकतो, चोखतो. इंग्रजांकडं त्यासाठी खास लांब, अरुंद चमचा असायचा. स्क्यूज तसा चमचा धरलेल्या ट्राउटच्या घशातून पोटात घालायचा, आतला ऐवज बाहेर काढायचा आणि पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात तो मोकळा करायचा. बशीत दिसायचं ते स्पष्ट होतं. वर माशा उडत असतानाही पोटात बहुतेक करून निम्फच. मग तो बशीतल्या निम्फकडं बघून, तसाच रंग, तशीच जाडी धरून गळावर पिसं बांधायचा. केसाळ, भपकेबाज काही नाही. अगदी कमी सामान.

1910 साली त्याचं पहिलं पुस्तक आलं, ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’. नाव बघा, किरकोळ डावपेच! हॅल्फर्डचा ड्राय फ्लाय चुकीचा, असं त्यानं म्हटलंच नाही. स्वतःही तो वापरत राहिला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मासा पाण्याखाली खात असेल तेव्हा खालची नक्कल द्यावी. तीही आंधळेपणानं नाही. मासा दिसला पाहिजे, तो खातोय हे कळलं पाहिजे, आणि निम्फ प्रवाहाच्या उलट, पृष्ठभागाच्या थोडंसंच खाली. वजन वगैरे काही लावायचं नाही. एवढ्या अटी घालूनही कट्टर मंडळींना ते पचलं नाही. 1914 मध्ये हॅल्फर्ड वारला, पण शिष्य होतेच.

1921 मध्ये दुसरं पुस्तक, ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’. मला विचाराल तर हेच त्याचं सगळ्यात भारी काम. यात तो माशाच्या जागी जाऊन विचार करतो. ट्राउटला रंग कसे दिसतात, वरची माशी खालून कशी दिसत असेल? फिजिक्समधलं अपवर्तन आठवा. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, आणि खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा. म्हणजे काठावर उभं राहून आपण जी नक्कल हुबेहूब म्हणतो, ती माशाच्या नजरेत तशी असेलच असं नाही.

वर्षं गेली, स्क्यूज म्हातारा झाला, वाद तसाच राहिला. फेब्रुवारी 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फवर रीतसर चर्चा ठेवली गेली. याच क्लबच्या मासिकात त्यानं वर्षानुवर्षं लिहिलं होतं. समोर वजनदार मंडळी, आणि हा एकोणऐंशी वर्षांचा. निकाल लागावा असा तो सामना नव्हता, पण हवा कुणाच्या बाजूनं नाही हे त्याला कळलं. ॲबट्स बार्टनच्या नदीत भागीदार असलेल्यांनाही त्याची पद्धत खटकत होती. त्याच वर्षी त्यानं ते पाणी सोडलं. 1883 पासूनचं पाणी. वाकायचं दगड न् दगड, कुठल्या वळणावर कुठला मासा बसतो ते पाठ असलेलं. निम्फ सोडला असता तर कदाचित राहता आलं असतं. पुढच्या वर्षी, एक्क्याऐंशीव्या वर्षात, त्यानं आख्खं पुस्तक निम्फवरच काढलं. मग महायुद्ध सुरू झालं. स्क्यूज विल्टशायरमध्ये नॅडर नदीकाठच्या एका छोट्या हॉटेलात राहायला गेला आणि तिथं मासे धरत राहिला.

याच शेवटच्या वर्षांत त्याची गाठ फ्रँक सॉयरशी पडली. सॉयर एव्हन नदीचा राखणदार. फारसा शिकलेला नाही, पण पाण्यातला बारकावा त्याच्याइतका कुणाला माहीत नाही. त्याला लिहितं करण्यात सर ग्रिमवूड मिअर्स यांचा हात होता. हे गृहस्थ अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश, म्हणजे गोष्ट फिरून भारतापर्यंत येतेच. म्हाताऱ्या स्क्यूजनंही सॉयरला पत्रं लिहिली, हुरूप दिला. सॉयरनं पुढं दोरा बाजूला ठेवून तांब्याच्या तारेनंच निम्फ बांधला, म्हणजे तो आपोआप खोल जातो. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार. तुमच्या गाइडच्या डबीत तेच आहे. स्क्यूजनं पृष्ठभागाखाली बोटभर उतरवलेला निम्फ सॉयरनं तळापर्यंत नेला. आता तर टंगस्टनचे मणी लावतात.

स्क्यूज ऑगस्ट 1949 मध्ये, नव्वदी गाठून, गेला. त्याची राख ॲबट्स बार्टनला नेऊन इचेनकाठी विखुरली.