गणिताचे एक्स्ले सर आणि तीन दिवे

जुलैत वलवणला धुकं उतरलं की शहाणा ड्रायव्हर आधी काय करतो? हेडलाइट अप्परवरून डिप्परला आणतो. अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, कारण धुक्याचे थेंब आपलाच उजेड आपल्या डोळ्यांत परत फेकतात. आता धुक्याऐवजी पाण्यात ढवळलेला गाळ आणि डोक्यावर दगडाचं छत अशी कल्पना करा. घाबरलो म्हणून सरळ वर येता येत नाही. आलेल्या वाटेनेच परत जायचं, आणि ती वाट दिसत नाही!

अशा जागी शेक एक्स्ले यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. जन्म 1 एप्रिल 1949, अमेरिकेतलं फ्लोरिडा. पेशाने ते हायस्कूलमध्ये गणित शिकवत, म्हणून मी त्यांना एक्स्ले सरच म्हणणार. फ्लोरिडाची जमीन चुनखडीची. ती पाण्यात विरघळून खाली लांबच लांब बोगदे झालेत. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट असा विरघळत नाही. कार्ला-भाज्याची लेणीसुद्धा माणसाला छिन्नीने कोरावी लागली.

सरांनी तरुणपणीच गुहेत बुड्या मारायला सुरुवात केली आणि तेविसाव्या वर्षापर्यंत अशा 1000 बुड्या पूर्ण केल्या. हे करणारे ते जगातले पहिले. पण मला त्यांचं मोठेपण आकड्यात वाटत नाही. त्या काळात फ्लोरिडाच्या गुहांत तरुण पोरं एकामागून एक मरत होती. लोक हळहळायचे आणि विसरायचे. सरांनी प्रत्येक अपघात सोडवायला घेतलेल्या गणितासारखा तपासला आणि 1979 मध्ये त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मृत्यूंमागे तीच ती कारणं निघाली. बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, हवा पुरली नाही, किंवा फार खोल गेले. हवेचा हिशोब अगदी सोपा: एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि उरलेली संकटासाठी. पुढे 1980 च्या दशकात या यादीत प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली.

दिवे किती? प्रत्येकाकडे कमीत कमी तीन. समजा एक दिवा बिघडण्याची शक्यता दहात एक आहे. मग तिन्ही बिघडण्याची हजारात एक. (अर्थात तिन्ही एकाच रात्री चार्ज करायचे राहिले असतील तर हे गणित कोसळलं. हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!) मुख्य दिव्याचा झोत अरुंद हवा, कारण पसरट उजेडाने गाळच जास्त उजळतो. दिवा डोळ्यांपासून लांब, हातात धरायचा. सोबत्याला भिंतीवर झोताने सावकाश गोल काढून दाखवला म्हणजे सगळं ठीक. झोत आडवा भराभर हलवला म्हणजे संकट. आणि गाळ इतका उठला की झोतही दिसेना, तर दिव्याचा भरवसा सोडून अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती करायचं आणि चाचपडत बाहेर यायचं. दिवा कितीही महाग असला तरी दोरी पहिली.

हे वाचताना मला 30 जून 2024 आठवला. इथून जवळ, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. शिवदुर्ग मित्रची पोरं आणि नौदलाचे पाणबुडे शोधायला उतरले. डोक्यावर गुहेचं छत नसलं तरी पावसाळ्यातलं गढूळ पाणी म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला माहीत आहे. तिथे हातानेच बघावं लागतं.

एक्स्ले सर मात्र खोलीच्या मोहातून सुटले नाहीत. खोलीची मर्यादा सांगणाऱ्या माणसाने 1989 मध्ये मेक्सिकोतल्या मान्ते झऱ्यात 264 मीटर गाठले. तयारी काटेकोर, गॅसचं मिश्रण मोजून घेतलेलं, हे खरं. तरीही मला ते खटकतं. 6 एप्रिल 1994 ला ते मेक्सिकोतल्याच साकाटोन या पाण्याने भरलेल्या प्रचंड विवरात 1000 फुटांचं लक्ष्य ठेवून उतरले. सोबती जिम बाउडेन दुसऱ्या दोरीवर होते. ते 282 मीटरपर्यंत जाऊन जिवंत परतले. सर आले नाहीत. तीन दिवसांनी दोऱ्या वर ओढल्या, तेव्हा त्यांचा देह वर आला. दोरी त्यांच्याभोवती गुंडाळलेली होती आणि उपकरणावर साधारण 270 मीटर खोलीची नोंद होती. वय 45.