वारसा आवाजाचा : जॅक लिंकलेटर

अमेरिकेत आर्ट लिंकलेटर हे नाव एके काळी घरोघरी परिचित होते. १९४५ साली नभोवाणीवर सुरू झालेला त्यांचा ‘हाऊस पार्टी’ हा कार्यक्रम १९५२ पासून दूरचित्रवाणीवरही आला आणि १९६९ पर्यंत चालला. समोरच्या माणसाला, विशेषतः लहान मुलांना, सहज बोलते करण्याची हातोटी त्यांच्या ठायी होती. २० नोव्हेंबर १९३७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले जॅक हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र. ऐन किशोरवयात त्यांनी पित्याचाच व्यवसाय पत्करला आणि १९५८ मध्ये, वयाची एकविशी पूर्ण होण्याआधीच, ते ‘हॅगिस बॅगिस’ या खेळाच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले.

त्यांचे नाव झाले ते मात्र ‘हूटनॅनी’मुळे. ६ एप्रिल १९६३ पासून एबीसी वाहिनीवर दिसू लागलेला लोकगीतांचा हा कार्यक्रम महाविद्यालयांच्या आवारात, विद्यार्थी श्रोत्यांसमोर ध्वनिचित्रमुद्रित होई. येथे पित्याची बोलकी शैली उपयोगाची नव्हती. गायकाचा मोजक्या शब्दांत परिचय करून देऊन बाजूला होणे, हेच निवेदकाचे काम होते. जॅक यांनी ते संयमाने केले.

परंतु या लोकप्रियतेला एक बोचरी किनार होती. ‘हूटनॅनी’ हा शब्द लोकगायकांत रूढ करणाऱ्यांपैकी पीट सीगर यांनाच त्या मंचावर स्थान नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी संसदीय समितीला आपल्या राजकीय संबंधांविषयी उत्तरे देण्याचे नाकारले होते. त्याबद्दल झालेली शिक्षा १९६२ मध्ये रद्द होऊनही वाहिनीचा बहिष्कार उठला नाही. पुढे राजनिष्ठेच्या प्रतिज्ञालेखाची अट घालण्यात आली. ती सीगर यांनी फेटाळली. जोन बाएझ यांच्यासारख्या गायिकेने निषेध म्हणून कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. निर्णय वाहिनीचा होता. प्रेक्षकांना दर आठवड्याला दिसणारा चेहरा मात्र जॅक यांचा होता. दुसऱ्यांना वाव देणारा निवेदक कोणाला वाव द्यावयाचा हे ठरवू शकत नाही, ही त्या व्यवसायाची मर्यादा येथे उघड झाली.

सप्टेंबर १९६४ मध्ये कार्यक्रम संपला. कालांतराने जॅक कौटुंबिक उद्योगांत रमले. १८ डिसेंबर २००७ रोजी, सत्तराव्या वर्षी, लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पंचाण्णव वर्षांचे पिता तेव्हा हयात होते; ते २०१० मध्ये गेले. वारसा घेणारा आधी गेला आणि देणारा मागे राहिला.