माणिकबागेचे यशवंतराव

आपला पांढुर्णा-सौंसरचा परिसर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. माळव्यातल्या होळकरांशी आपला संबंध इतिहासाच्या पुस्तकापुरताच. तेव्हा वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात इंदूरच्या शेवटच्या महाराजांचे चरित्र कशाला, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याला निमित्त झाले आपल्या वाचनकक्षातले जुने सागवानी टेबल. एकही खिळा न ठोकता त्याचे सांधे बसविलेले आहेत. तेथे बसून कित्येक पिढ्या वाचत्या झाल्या, पण ते घडविणाऱ्या सुताराचे नाव जुन्या नोंदवहीत मला सापडले नाही. लाकूडकाम करणाऱ्याचे नाव जपले जाते ते कोठे, या विचारात असताना यशवंतराव होळकर आठवले.

महाराजा यशवंतराव (द्वितीय) यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. वडील तुकोजीराव (तृतीय) यांना बावला खून प्रकरणाच्या वादळात १९२६ साली गादी सोडावी लागली आणि सतरा वर्षांचा हा मुलगा राजा झाला. बदनामीच्या सावलीत मिळालेले हे राज्यपद होते. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाऊस शाळेत व नंतर ऑक्सफर्ड येथे झाले. कागलच्या घराण्यातील संयोगिताबाई या त्यांच्या पत्नी. राज्यकारभाराचे संपूर्ण अधिकार १९३० मध्ये हाती आले, तोवर मंडळ कारभार पाहत होते.

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची गाठ एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी पडली. मुथेसियस १९०४ सालचा, म्हणजे महाराजांहून अवघा चार वर्षांनी मोठा. वडील हेर्मान मुथेसियस जर्मनीतील नामवंत वास्तुविशारद. या दोन तरुणांनी मिळून इंदुरात जे उभे केले, ते माणिकबाग. १९३० ते १९३३ या काळात हा राजवाडा सिद्ध झाला. संस्थानिकाचा वाडा म्हटला की नक्षीदार खांब, झुंबरे आणि सोन्याच्या मुलाम्याची सिंहासने डोळ्यांपुढे येतात. येथे त्यातले काहीही नव्हते. सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग आणि प्रकाशाची काटेकोर योजना हेच तेथील वैभव. दिवे आणि दारांच्या मुठीसुद्धा त्या घरासाठी स्वतंत्र योजलेल्या होत्या. सामान युरोपात तयार होऊन जहाजाने हिंदुस्थानात आले.

त्या सामानाची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. महाराजांच्या अभ्यासिकेसाठी पॅरिसच्या एमिल-जाक रूलमान याचे काळसर आबनुसी लाकडाचे लेखन-मेज आले. रूलमानचे काम लाकडावरच्या पातळ पत्र्याच्या निवडीसाठी आणि नितळ झिलईसाठी प्रसिद्ध होते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आयलीन ग्रे यांची एक आरामखुर्ची होती. तिला रोगण दिलेली लाकडी चौकट असून आकार जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून घेतलेला. मुथेसियसने स्वतः लाल रंगाच्या मोठ्या खुर्च्या योजल्या. त्यांच्या पाठीशीच वाचनासाठी दिवे बसविलेले होते. वाचनालयाच्या माणसाला या खुर्च्यांचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

आणखी एक लांबट आरामखुर्ची होती, धातूच्या नळ्यांची. ती ल कॉर्ब्युझिए, प्येर जानेरे आणि शार्लोट पेरियां या तिघांची निर्मिती. यातील पहिले दोघे १९५१ पासून चंदीगडच्या उभारणीत गुंतले. जानेरे तेथे १९६५ पर्यंत राहिले. त्यांच्या देखरेखीखाली कार्यालये व महाविद्यालयांसाठी सागवान आणि वेत यांच्या साध्या, दणकट खुर्च्या झाल्या. पुढे त्यांतल्या अनेक भंगार म्हणून लिलावात निघाल्या, आणि परदेशी संग्राहकांनी त्यांना लाखांचे मोल दिले. ज्या कारागिरांनी रंधा मारला त्यांची नावे मात्र बहुतांशी हरवली. म्हणजे गोष्ट पुन्हा आपल्या टेबलापाशीच येते.

यशवंतरावांवर उधळपट्टीचा आरोप करणे सोपे आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. रयतेच्या पैशातून उभा राहिलेला हा डोलारा होता. परंतु वस्तू घडविणाऱ्याला केवळ पुरवठादार न मानता त्याच्याशी समानतेने बोलणारा धनी विरळा. शिल्पकार ब्रांकुशी याच्याकडून त्यांनी तीन पक्षिशिल्पे घेतली. इंदुरात त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधण्याचा बेत होता. त्यासाठी ब्रांकुशी १९३८ च्या आरंभी इंदूरला आलासुद्धा, पण तो बेत सिद्धीस गेला नाही. त्याआधीच, १९३७ साली, संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या होत्या. माणिकबागेचे सुख ते इतकेच, जेमतेम चार वर्षांचे.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगता येईल. नागपूरचे सी. के. नायडू ज्यात खेळले त्या होळकर क्रिकेट संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि महाराज उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ५३.

त्यानंतर घर विस्कटले. ब्रांकुशीचे काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे दोन पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात गेले. माणिकबागेचे सामान मे १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले. मेज एकीकडे, खुर्च्या दुसरीकडे. राजवाड्यात केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने यशवंतरावांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरविले. तेथे प्रत्येक खुर्चीपुढे ती योजणाऱ्याचे नाव लिहिलेले होते.

आपल्या वाचनकक्षातील टेबल कोणी घडविले, हे एखाद्या वयोवृद्ध सभासदास वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असल्यास त्यांनी ते ग्रंथपालांस अवश्य कळवावे. नोंदवहीत त्यासाठी जागा ठेवली आहे.